मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको फ्लॅटचे आतून फोटो काढायचे आहेत. वेळ, लेन्स, खिडकी यांचं गणित कसं बसवायचं?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. मरीन ड्राइव्हवर १९३० च्या दशकात बांधलेल्या एका इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट डागडुजी होऊन तयार झालाय. काम केलेल्या आर्किटेक्टबाईंना बारा-पंधरा फोटो हवेत, त्यातले दोन-तीन मासिकाला पाठवायचा विचार आहे. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यातला एक अख्खा दिवस मिळतोय.

हॉल पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून. साधारण २२ बाय १४ फूट, छत ११ फुटांवर, पुढे अर्धगोल बाल्कनी. मूळची मोझॅकची लादी तशीच आहे: हिरवट पोट, काळी किनार, मध्ये पितळी पट्ट्या. दारं सागवानी, ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याची नक्षी. स्वयंपाकघर आणि एक बेडरूम मागे पूर्वेला, गल्लीकडे. इमारतीचा जिना फार देखणा आहे, तोही हवाय.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा, १६-३५ मिमी एफ/४ आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स, एक स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) आणि बऱ्यापैकी ट्रायपॉड. टिल्ट-शिफ्ट (कॅमेरा न झुकवता फ्रेम वर-खाली सरकवता येणारी लेन्स) नाही. चाचणीचे चार फोटो काढले तर खिडकी पांढरीफटक, नाहीतर खोली काळी. १६ वर हॉल बॅडमिंटन कोर्टाएवढा दिसतो आणि भिंती आत कलतात. दिवे लावले तर एक कोपरा पिवळा, एक निळा. कुठून सुरुवात करू?

---

लोलक

लेन्सचं नंतर बघू, आधी दिवसाचं वेळापत्रक ठरवा. पश्चिमेच्या घराला सगळे "संध्याकाळी जा" म्हणतील. ते अर्धंच बरोबर आहे.

समुद्र दिसायला हवा अशा हॉलच्या फोटोंना सकाळी १०:३० ते १२ ही वेळ. तेव्हा सूर्य इमारतीच्या मागे असतो, त्यामुळे समोरचं पाणी आणि मलबार हिल यांच्यावर समोरून ऊन पडतं आणि रंग खरे दिसतात. आत फक्त आकाशाचा मऊ उजेड येतो, कडक सावल्या नाहीत. दहाच्या आधी डिसेंबरचं धुरकं इतकं असतं की क्षितिज पुसल्यासारखं वाटतं. दुपारनंतर सूर्य खिडकीतूनच कॅमेऱ्यात बघायला लागतो आणि समुद्राची नुसती चांदी होते.

लादीवर उन्हाचे पट्टे हवे असतील तर पावणेचार ते पाच. डिसेंबरमध्ये चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर असतो, पाच वाजता १३ अंशांवर. सात फुटांवर माथा असलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून चारला ऊन साधारण बारा फूट आत येतं, पाचला पंचवीस. म्हणजे तुमच्या हॉलची मागची भिंत पाचच्या आत उजळते. शिवाय या दिवसांत सूर्य नैऋत्येकडे असल्यामुळे ऊन सरळ न येता बाहेर बघताना डावीकडून तिरपं येतं. ग्रिलवरच्या सूर्याची सावली लादीवर लांबट पडते, ती साडेचारच्या सुमारास सगळ्यात वाचता येते. पाचनंतर ती इतकी ताणते की नक्षी कळत नाही. बाल्कनीचा स्लॅब किती बाहेर आलाय त्यावर हे दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होईल, म्हणून आदल्या दिवशी जाऊन नुसतं घड्याळ लावून बघा.

सूर्यास्त सहा वाजून तीन-चार मिनिटांनी. दिवे लागलेल्या हॉलचा फोटो सव्वासहा ते सहा पस्तीस यातच. आपल्याकडे संधिप्रकाश झटकन सरतो, पाऊण तास हातात आहे असं समजू नका. आतले दिवे आणि बाहेरचं निळं आकाश यांचं एक्स्पोजर दहा-एक मिनिटंच जुळतं. त्यामुळे सहाच्या आधी फ्रेम पक्की करून ट्रायपॉडला हात लावायचा नाही, आणि दर दोन मिनिटांनी एक फ्रेम घेत राहायचं.

पूर्वेचं स्वयंपाकघर आणि बेडरूम साडेआठ ते दहा या वेळात उरका. गल्लीपलीकडची इमारत चिकटून असेल तर त्या खोल्यांत थेट ऊन येणारच नाही. मग तिच्या भिंतीवर ऊन पडून जो उजेड आत उसळतो तो वापरायचा. ती भिंत पिवळी असेल तर तुमचा ओटाही पिवळा येईल, ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड) तिथेच धरा.

---

ओळंबा

भिंती कलतात त्याचं कारण लेन्स नाही, कॅमेरा खाली किंवा वर झुकलाय हे आहे. सेन्सर जमिनीला काटकोनात असेल तर १६ वरही उभ्या रेषा उभ्याच राहतात. टिल्ट-शिफ्ट नसेल तर उपाय सोपा आहे: कॅमेरा दोन्ही अक्षांत लेव्हल करा, हवी त्यापेक्षा थोडी रुंद फ्रेम घ्या आणि खालची जास्तीची लादी नंतर कापा. छतावरचं काही दाखवायचं असेल तर कॅमेरा उभा धरा. २४ मेगापिक्सेलमधून एक पंचमांश कापलं तरी मासिकाच्या पानाला पुरतं.

उंची: हॉलमध्ये चार फूट, म्हणजे आपल्याकडच्या स्विचबोर्डाच्या आसपास. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलं की नुसती लादी दिसते आणि फर्निचर बुटकं वाटतं. बेडरूममध्ये साडेतीन फूट. स्वयंपाकघरात सव्वाचार, कारण ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो आणि त्याची वरची बाजू थोडी तरी दिसायला हवी, नाहीतर ओटा म्हणजे नुसती एक पट्टी.

समोरासमोरच्या फ्रेमसाठी तुमच्या लादीची काळी किनार हे फुकटचं मोजमाप आहे. लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) ग्रिड लावा आणि समोरच्या भिंतीलगतची किनार फ्रेमच्या खालच्या कडेला समांतर येईपर्यंत ट्रायपॉडचं डोकं फिरवा. अर्ध्या अंशाची चूकसुद्धा किनारीवर लगेच दिसते. जुन्या इमारतीत भिंत आणि किनार एकमेकींशी जुळतीलच असं नाही. न जुळल्यास किनारीवर विश्वास ठेवा, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

आता १६ चं. नका वापरू. हॉलला २४, फार तर २०. १६ वर कडेला असलेलं गोल टेबल अंड्यासारखं होतं, खुर्ची सोफ्याएवढी होते, आणि तुमच्याकडे जी मुख्य गोष्ट आहे, ती बाल्कनीची गोलाई, तिचंच वाटोळं होतं. बाल्कनी फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा आणि हॉलच्या मागच्या भिंतीला पाठ लावून २४ वर काढा. जागा कमी पडली तर लेन्स आणखी रुंद करू नका, दारातून मागच्या पॅसेजमध्ये जा. सागवानी चौकट फ्रेमच्या कडेला आली तर उलट चांगलंच. बारा फोटोंतले निदान चार ५० वर हवेत: पितळी पट्टीचा कोपरा, दाराची मूठ, ग्रिलचा सांधा, कठड्याचं वळण. मोझॅकमधल्या संगमरवराच्या चिपा जवळून आणि तिरप्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला तर ती लादी प्लॅस्टिकची वाटते.

---

भिंतीवरचा उजेड

खिडकीचं आकड्यांत बोलू. आयएसओ १००, एफ/८ वर अशा हॉलला अर्धा ते एक सेकंद लागतो, बाहेरच्या उन्हाला १/४०० च्या आसपास. म्हणजे फरक साडेसात ते साडेआठ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका फ्रेममध्ये हे मावणं कठीण. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम घेतल्या की आठ स्टॉप झाकले जातात. शटर मेकॅनिकल, दोन सेकंदांचा टायमर, फोकस एकदा लावून मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये (उजेड किती पिवळा-निळा याचं माप) पक्का.

पण त्या पाचही फ्रेम सॉफ्टवेअरच्या तोंडी देऊन एचडीआर करू नका. सगळीकडे सारखा उजेड पसरतो, सावल्या राखाडी होतात आणि सागवान मातकट दिसतं. मधली फ्रेम पाया धरा, खिडकीपुरता भाग दोन स्टॉप खालच्या फ्रेममधून मास्कने (बाकीचा भाग झाकून) हाताने आणा. आणि खिडकी पूर्ण काबूत आणायच्या मागे लागू नका. बाहेरचं आतल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप उजळच राहू दे. बाहेर आणि आत एकाच तेजाचं दिसलं की भिंतीवर समुद्राचं पोस्टर चिकटवल्यासारखं वाटतं.

मुख्य अडचण खिडकीच्या चौकटीची. मास्क कितीही जपून केला तरी ग्रिलच्या बारीक सळ्यांभोवती पांढरी झळ राहते. तिथे स्पीडलाइट कामाला येतो. खोलीच्या फ्रेम झाल्या की कॅमेरा न हलवता एक जास्तीची फ्रेम: १/२०० शटर, एफ/८, आणि फ्लॅश हातात घेऊन खिडकीकडे पूर्ण ताकदीने. चौकट, ग्रिल, बाजूची भिंत उजळते, बाहेरचं बरोबर येतं. ही फ्रेम पायावर ठेवून ब्लेंड मोड डार्कन करायचा आणि खिडकीपुरता मास्क. डार्कन जिथे जे गडद ते घेतो, त्यामुळे झळ आपोआप जाते. फ्लॅश काचेत चमकू नये म्हणून खिडकीची झडप उघडी ठेवा.

काच बंद ठेवायचीच असेल तर आधी धुवा. समुद्रासमोरच्या काचांवर मिठाचा थर असतो, समोरून उजेड आला की तो दुधाळ दिसतो. कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठासोबतची धूळ-वाळू काचेवर ओरखडे काढू शकते. आधी पाण्याने भिजवून, मग पुसून, शेवटी वर्तमानपत्र.

---

खिडकीपाशी

फार उपयोगी, धन्यवाद. एक सांगायचं राहिलं. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, आणि लादीला नुकतंच पॉलिश झालंय, इतकं की खिडकी त्यात आरशासारखी दिसते. कायमचे दिवे अजून बसायचे आहेत (चाचणीतले तात्पुरते होते), म्हणजे बल्ब निवडायला वाव आहे.

---

लोलक

जाळी नायलॉनची आणि हुकांवर ताणलेली असेल तर जाळीवाल्याला बोलावून एक बाजू सोडवून घ्या, शूटनंतर परत ताणून. अर्ध्या तासाचं काम. काढता येत नसेल तर हॉलचे समुद्राचे फोटो सकाळचेच ठेवा: तेव्हा जाळी सावलीत असते आणि बारीक गडद रेघांपलीकडे काही करत नाही. दुपारी त्याच दोऱ्यांवर मागून ऊन पडतं आणि अख्ख्या खिडकीवर पांढुरका पडदा येतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. बाल्कनीत उभं राहून बाहेरचा फोटो हवा असेल तर ५० ची लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून एफ/२.८ वर काढा, दोऱ्या विरघळतात.

लादीसाठी पोलरायझर (चमक कमी करणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर). पण अर्धाच फिरवा. चमक पूर्ण मारली तर पॉलिशच नाहीसं होतं आणि आर्किटेक्टबाई नाराज होतील, खर्च तिथेच झालाय. पोलरायझर लादीकडे तिरप्या, जमिनीशी तीस-पस्तीस अंशांच्या नजरेनेच जोर धरतो. दूरच्या लादीवरची चमक त्याने कमी हलते, तिथे पडदा थोडा ओढून घ्यावा लागतो.

दिवे: दिवसाच्या फोटोंत सगळे बंद. संध्याकाळच्या एका-दोन फ्रेमसाठी सगळीकडे एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले बल्ब, २७०० किंवा ३००० केल्विन. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० चा पांढरा देतो, आणि एका झुंबरात एक तसा शिरला की तुमचा निळा कोपरा तयार. सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा मागा. ८० चा बल्ब लाल रंग खातो आणि सागवान व पितळ दोन्ही मलूल दिसतात. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात सगळं एका रस्त्यावर मिळेल. वॅट कमीच घ्या, पाच पुरे. नऊचे लावले तर बाहेरचं आकाश काळं पडतं. आणि दिवे चालू असताना शटर १/१०० पेक्षा वेगवान नको, नाहीतर एलईडीच्या लुकलुकीचे आडवे पट्टे येऊ शकतात.

---

पायरी नं. १३

जिन्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून.

आधी वेळ. सकाळी दूध, पेपर, कामाच्या बायका, शाळेची मुलं. अकराच्या आत जिना मोकळा मिळणार नाही. दुपारी अडीच ते साडेतीन शांत असतं. पण ती तुमच्या हॉलच्या उन्हाच्या अगदी आधीची वेळ आहे, सव्वातीनला आवरतं घ्या.

खालून वर बघणारा फोटो: जिन्याच्या मधल्या पोकळीच्या बरोबर मध्यावर कॅमेरा जमिनीवर पाठीवर झोपवा. ट्रायपॉड तिथे फक्त फ्रेममध्ये पाय घालतो. त्याऐवजी किलोभर तांदळाची पिशवी खाली द्या, कॅमेरा तीत रुततो आणि हवा तेवढा कलवता येतो. स्क्रीन दिसणार नाही, म्हणून फोनवरच्या ॲपने बघा. सगळ्या मजल्यांचे कठडे एकात एक बसल्यासारखे आले पाहिजेत. एखादा मजला एका बाजूला सरकलेला दिसला तर कॅमेरा बरोबर मध्यावर नाही किंवा कललेला आहे. २४ किंवा ३५. वर काचेचं छप्पर असेल तर मध्यभाग जळतो, इथेही पाच फ्रेम.

जुन्या जाळीच्या दाराची लिफ्ट जिन्याला लागून असेल तर मोटर सुरू होताना पायऱ्या थरथरतात, एका सेकंदाच्या फ्रेममध्ये ते दिसतं. वॉचमनला सांगून लिफ्ट तळमजल्यावर दोन मिनिटं थांबवा, दोनच. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन उभं असतंच.

दुसरा फोटो लँडिंगवरून: उभ्या लांब खिडकीचा उजेड कठड्याच्या वळणावर पडतो तो. एक मजला वर चढून, कठड्याच्या उंचीवरून, ३५ वर. चपलांचे रॅक आणि घंटेच्या वायरी फ्रेमबाहेर ठेवायला हाच कोन बरा. दारावरच्या नावाच्या पाट्या येऊ देऊ नका, आल्या तर पुसा. वरून खाली काढताना पट्टा मनगटाला, खिशात काही नाही, आणि पोकळीवर झुकून लेन्स बदलायची नाही.

---

सोसायटीचा सेक्रेटरी (नाइलाजाने)

फ्लॅटमालक "हो" म्हणाले म्हणजे जिना तुमचा झाला नाही. जिना, लॉबी, गच्ची सोसायटीच्या ताब्यात. आठवडाभर आधी लेखी द्या: तारीख, वेळ, किती माणसं, कुठली सामानाची बॅग, जिना कधी आणि किती मिनिटं लागणार, लिफ्ट थांबवणार का, फोटो कशासाठी. "शूटिंग" हा शब्द टाळा, लोकांना व्हॅनिटी व्हॅन आणि जनरेटर दिसायला लागतात. "घराच्या कामाची छायाचित्रं" म्हणा, जे खरंही आहे.

इमारतीचा फोटो काढण्यावर कॉपीराइटची आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तूचं छायाचित्र काढणं आणि छापणं याला स्पष्ट सूट आहे. पण भिंतीवरच्या चित्राला ही सूट लागू नाही. हयात चित्रकाराचं चित्र मासिकात ठळक दिसणार असेल तर परवानगी काढा किंवा ते उतरवून ठेवा. दुसरं, जे फोटोग्राफर विसरतात: कलम १७ नुसार कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणून हक्क कुणाकडे, मासिकात नाव कुणाचं, हे आधी कागदावर आणा.

ड्रोनचं मनातही आणू नका. दक्षिण मुंबईत नौदलाचे तळ आहेत, आणि पोलिसांचे बंदीचे आदेशही वरचेवर निघत असतात. मरीन ड्राइव्हच्या या पट्ट्याला २०१८ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, नुसते फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. पण समोरच्या कट्ट्यावर ट्रायपॉड पसरून बसलात तर पोलीस विचारपूस करणारच, आर्किटेक्टबाईंचं पत्र खिशात असू द्या.

---

ओळंबा

दर्शनी भागाचा विषय निघालाच आहे तर: खिडक्यांवरचे ते पुढे आलेले छज्जे आणि आडव्या पट्ट्या दाखवायच्या असतील तर डिसेंबरमध्ये दोनच्या सुमारास काढा. तेव्हा ऊन दर्शनी भिंतीला घासून जातं आणि प्रत्येक छज्जाखाली सावलीची गडद रेघ पडते. पाचला ऊन बरंच समोरून येतं, रंग छान सोनेरी, पण सगळा उठाव सपाट. रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावरून ३५ पुरते. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारतींच्या रांगेचं उलट आहे, ती पूर्वेला तोंड करून आहे, तिथे सकाळ.

आणि बाल्कनी रिकामी काढू नका असं मी म्हणेन. पश्चिमेचं ऊन आणि पावसाचे फटकारे अडवून मग हवा आत सोडायची, हे या शहरातल्या बाल्कनीचं मूळ काम. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा या मुंबईतल्या उंच निवासी इमारतीत कोपऱ्यांना दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या त्या याच हिशेबाने. तेव्हा एक तरी फ्रेम अशी हवी जिच्यात बाहेरचं कडक ऊन, बाल्कनीतली सावली आणि आतला मऊ उजेड असे तीन पट्टे एकामागे एक दिसतील. इथे खिडकी थोडी जळली तरी चालेल.

---

भिंतीवरचा उजेड

शेवटच्या दोन किरकोळ गोष्टी, पण यांनीच दिवस वाया जातो. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाल्कनीत नेला की लेन्सवर दव धरतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. चेन लावलेल्या बॅगेत अर्धा तास बाहेर ठेवा, किंवा सकाळपासून एसी लावूच नका.

दुसरं पंखा. पाच फ्रेम घेताना तो बंद हवा, नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये पाती वेगळ्या जागी आणि जोडल्यावर भुतासारखं काहीतरी. बंद केल्यावर थांबायला मिनिटभर लागतं. थांबला की काठीने फिरवून एक पातं कॅमेऱ्याच्या बरोबर उलट दिशेला करा, म्हणजे उरलेली दोन सारखी दिसतात. पात्याच्या कडेवरची धूळ आधी पुसून घ्या, एफ/८ वर ती खिडकीच्या उजेडात लख्ख दिसते.